मातीचा गोळा आणि सोनेरी रेघ

गाडी धुतली म्हणजे स्वच्छ झाली, असं तुम्हाला वाटतं ना? मग एक करून बघा. गाडी धुवा, पुसा, वाळू द्या. मग हातात एक पातळ प्लास्टिकची पिशवी चढवा, भाजीवाली कोथिंबीर घालून देते तसली, आणि बोटं हलकेच बॉनेटवरून फिरवा. नुसत्या हाताला जे कळत नाही ते पिशवीतून कळतं. रवा सांडल्यासारखं खरखरीत लागतं. आता सांगा, झाली का स्वच्छ?

हा प्रयोग मी इथे बेंगळुरात, जयनगरात आणि बनशंकरीत किती दारांत केला असेल, देव जाणे. माणसं आधी हसतात, मग हात फिरवतात, मग माझ्याकडे असं बघतात की ती खरखर मीच आणून टाकली आहे! गाडी हा प्रकारच तसा. एक गृहस्थ पितळेची भांडी लखलखतात म्हणून गाडी राख आणि नारळाच्या काथ्याने घासायचे, आणि रंग मळका झाला म्हणून माझ्याशी भांडायचे. एका घरी गाडी म्हणजे लक्ष्मी, तिला हात लावायच्या आधी मला पाय धुवायला लावले. मी धुतले. मग त्यांची लक्ष्मी आतून बघितली, तर सीटखाली शेंगांची टरफलं!

आमच्या मंडळाच्या अंकात दरवर्षी कुणी बँकेतल्या आठवणी लिहितं, कुणी शाळेतल्या. यंदा संपादकबाई माझ्या मागे लागल्या, "नलिनक्का, तुम्ही लिहा." मी म्हटलं, अहो, मी जन्मभर लोकांच्या गाड्या घासल्या, त्यात काय लिहायचं? त्या म्हणाल्या, तेच लिहा. सरी, बरं तर, म्हटलं. पण सगळं नाही सांगत बसणार. एकाच गाडीचं सांगते, कारण तिची आठवण आली की अजून माझे हात शिवशिवतात.

आधी अण्णांबद्दल सांगायला हवं. अण्णा म्हणजे माझे वडील. बनशंकरीत त्यांची गाड्या ठोकून सरळ करायची आणि रंगवायची शेड होती. रंग मारणारे बेंगळुरात पुष्कळ होते, पण अण्णांची ओळख होती रेघ. गाडीच्या दोन्ही अंगांना, हँडलच्या खालून, पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत जाणारी बारीक सोनेरी रेघ. पट्टी नाही, चिकटपट्टी नाही, दोरी नाही. लांब केसांचा ब्रश घ्यायचा, करंगळी गाडीला टेकवायची, श्वास धरायचा आणि गाडीच्या कडेने सरकत चालायचं. मध्ये ब्रश उचलायचा नाही. शेडमधला रेडिओ तेवढ्यापुरता बंद व्हायचा, ठोकाठोकी थांबायची, चहावालासुद्धा दारात उभा राहायचा. मला तो ब्रश कधी जमला नाही. मला घासणं जमलं. राग आला की मी बोलत नाही, घासते, आणि राग मला पुष्कळ येतो, त्यामुळे धंदा बरा चालला.

पुढे अण्णांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं सावरलं, पाय सावरला, उजवा हात मात्र मागे राहिला. शेड बंद झाली आणि मी घरोघर जाऊन गाड्या धुवायला, पॉलिश करायला लागले. अण्णा खिडकीत बसायचे, उजवा हात मांडीवर ठेवून. डॉक्टरांनी हाताला व्यायाम सांगितले होते. "उद्यापासून करतो," म्हणायचे. ब्रश विकून टाक म्हणून दोनदा मला सांगितलं. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

आणि त्यांच्या रेघा एकेक करून नाहीशा होत होत्या. कुणी गाडी विकली, कुणी नवा रंग मारला, कुणाची भंगारात गेली. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा माझ्या माहितीत अण्णांची एकच रेघ उरली होती, सुमित्राक्काच्या गाडीवर.

सुमित्राक्का जयनगरात राहायची. तिचं घराणंही आमच्यासारखंच, तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं, मराठी बोलता बोलता मध्येच कन्नडमध्ये शिरणारं. नवरा लवकर गेला. ती बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात हिशेब बघायची आणि रोज होसूर रोडने स्वतः गाडी हाकत जायची. तपकिरी-लाल पद्मिनी होती तिची. बाई मनाची मोकळी, पण घाई अशी की दूध उतू जायच्या आधीच गॅस बंद करून वर म्हणणार, "तापलं असेल."

तर ती गाडी उभी राहायची कुठे? कारखान्याच्या ग्राइंडिंगच्या शेडला लागून. ग्राइंडिंगमध्ये लोखंडाची बारीक कणी उडते, तापलेली. ती रंगावर पडते आणि रुतून बसते. मग पाऊस येतो आणि ती कणी गंजते. वर्षानुवर्षं हे चाललेलं. शेवटी गाडीवर नारिंगी ठिपक्यांची अशी गर्दी झाली की बघणाऱ्याला वाटावं, हिला गोवर आलाय. धुऊन ते जात नव्हते. रंगाच्या आतच घुसलेले, जाणार कसे?

दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी सुमित्राक्काचा फोन आला. "नलू, आयुधपूजेला गाडी दारात उभी करायची लाज वाटते गं. सोमवारी रंगाला देतेय. सगळं खरवडून नवीन मेटॅलिक रंग."

"आणि रेघ?"

"रेघेचं काय एवढं? स्टिकर मिळतात आता!"

स्टिकर! मी फोन ठेवला तो असा आपटून की शेजारची मुलं दचकली. खिडकीत अण्णा बसले होते. त्यांना सांगितलं. वाटलं, आता तरी काही बोलतील. ते बाहेरच बघत राहिले. म्हणाले, "जाऊ दे ती रेघ. गेली तर बरंच होईल."

बरंच होईल? माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. उरली आहे ती एक, आणि हा माणूस म्हणतो बरंच होईल. रविवारी सकाळी मी बादली, फडकी उचलली आणि तडक सुमित्राक्काच्या दारात जाऊन उभी राहिले.

"अक्का, आजचा दिवस मला द्या," मी म्हटलं.

"देते गं, पण करणार काय? रबिंग?"

तीच तर अडचण होती. रबिंग म्हणजे बारीक कणीचा मलम असतो, तो रगडून रंगाचा वरचा पापुद्रा काढायचा. ठिपके गेले असते, पण अण्णांची रेघ रंगाच्या वर काढलेली. पहिल्या दोन हातांतच ती पुसली गेली असती. मी तिथे फडकं हातात धरून नुसती उभी. एवढ्यात आतून तिचा भाचा निखिल आला. हा पुण्याचा, कंप्युटरच्या नोकरीसाठी नुकताच इकडे आलेला, आणि कंपनीने त्याला मध्ये अमेरिकेला पाठवून परत आणलेलं.

"मावशी, ॲक्च्युअली मी तुझ्या गाडीसाठी एक क्ले बार आणला होता. तू युजच नाही केलास का?"

"कुठला?"

"तो ब्लू बॉक्स गं!"

सुमित्राक्काने कपाळाला हात लावला. "अय्यो, तो साबण नव्हता? न्हाणीघरात ठेवलाय मी. मेला फेसच येत नाही त्याला!"

मी धावत न्हाणीघरात गेले. साबणदाणीत निळसर राखाडी वडी, एका कोपऱ्यावर जरा घासलेली. हाताला मऊ, मळलेल्या कणकेसारखी. निखिलने डब्यातला कागद शोधून वाचून दाखवला. माझं इंग्रजी यथातथाच, पण त्याने नीट समजावून सांगितलं. ही साधी माती नव्हे, रंगात रुतलेली कणी उपटून घेणारी माती. रंग भरपूर ओला, निसरडा ठेवायचा. वडी चपटी करून हलक्या हाताने सरळ रेषेत पुढेमागे सरकवायची, दाबायची नाही, गोल फिरवायची नाही. मळली की घडी घालून आतली स्वच्छ बाजू बाहेर काढायची. आणि जमिनीवर पडली तर सरळ फेकून द्यायची, कारण कचरा चिकटलेली माती रंगावर फिरवली की ओरखडे.

"आणि काय रे, हिने रेघ जाणार नाही ना?" मी विचारलं.

"काकू, असं काही लिहिलेलं नाहीये यात."

मला इथे कुणी काकू म्हणत नाही, पण त्या दिवशी मी तेही सोडून दिलं.

ओलं ठेवायला बाटली होती म्हणे, पण ती सामानात जड झाली म्हणून निखिलने तिकडेच टाकली. मी इस्त्रीचा फवारा घेतला, त्यात पाणी आणि शांपूची पुडी. वडीचे दोन भाग केले. एक बादलीशेजारी स्टुलावर वाटीत झाकून ठेवला, दुसरा हातात घेतला. बॉनेटच्या एका कोपऱ्यावर फवारा मारला आणि माती सरकवली.

खर्र, खर्र, खर्र. आवाज ऐकू येत होता! निखिल वाकून कान लावून बसला. पुढे, मागे, पुढे, मागे, आणि बघता बघता आवाज बारीक झाला, मग थांबला. माती एकदम सुळकन सरकायला लागली, ओल्या काचेवरून सरकावी तशी. मी फडक्याने पुसलं.

ठिपके नाहीत. तळहाताएवढी जागा, पण एक ठिपका नाही! आणि खालून तो तपकिरी-लाल रंग वर आला, मी विसरूनच गेले होते तो कसा होता ते. मातीचा गोळा उलटा करून बघितला, तर त्यावर नारिंगी धूळ. मी ओरडलेच. "अक्का, निघतंय! अहो, निघतंय हे!"

सुमित्राक्का पोळपाट तसाच सोडून धावत आली, हाताला पीठ. तिने ती जागा बघितली, गोळा बघितला, परत जागा बघितली. "अय्यो नलू, गोवर गेला की गं!"

मग आमचा करार झाला. संध्याकाळपर्यंत गाडी माझी. डाग गेले तर रंगाचं रद्द. राहिले तर सोमवारी सकाळी गाडी शेडमध्ये, आणि मी त्यावर अवाक्षर काढायचं नाही.

दुपारच्या आत बॉनेट झालं, टप झाला. माझे खांदे भरून आले होते, पण थांबवेना. इतकी वर्षं मी गाड्या घासल्या, पण हात फिरवला आणि गाडी अशी झाली, हे सुख मला कधी मिळालं नव्हतं. निखिल फवारा मारत होता आणि दर दोन मिनिटांनी "ऑसम, काकू" म्हणत होता.

आणि मग उजवी बाजू आली, रेघेची. मी आधी रेघेच्या वर केलं, मग खाली. रेघेपाशी येऊन थांबले. देवाचं नाव घेतलं, भरपूर पाणी मारलं, आणि गोळा रेघेवरून एकदा, अगदी पिसासारखा फिरवला. उलटा करून बघितला.

गोळ्यावर पिवळं आलं होतं.

रेघेला सोन्याचा रंग देणारं इनॅमल पिवळटच असतं. म्हणजे अण्णांची रेघ निघून मातीत आली! मी गोळा तसाच धरून पायरीवर बसले. सुमित्राक्काने माझ्या हातातून गोळा घेतला, नाकाशी नेला, चष्म्यापाशी नेला. मग आत जाऊन पानाचा डबा घेऊन आली. बोटावर चुना घेतला आणि त्या पिवळ्यावर लावला.

पिवळं लालभडक झालं!

"हळद आहे, हळद!" सुमित्राक्का टाळ्या पिटत म्हणाली. "रंग कसा लाल होईल चुन्याने? अगं, दर आयुधपूजेला मी रेघेवरच हळदीकुंकवाची बोटं टेकवते. ओळ सरळ येते ना!"

मी तिला मिठी मारली, चुन्याच्या हातासकट. वर्षानुवर्षांची हळद रेघेच्या कडेला पॉलिशखाली दबून बसली होती. तो भाग चिमटीने तोडून टाकला आणि परत फिरवलं. हळद निघाली, रेघ राहिली. नुसती राहिली नाही, चमकायला लागली! उजवी बाजू दिव्यापासून दिव्यापर्यंत पुरी झाली तेव्हा मी दोन पावलं मागे सरून बघितलं आणि मला हुंदकाच आला. माझ्या लहानपणची शेड आठवली, बंद रेडिओ आठवला.

"आता कॉफी घे, नाहीतर पडशील," म्हणून सुमित्राक्काने मला आत बसवलं. इथेच घात झाला.

बाईचे दिवसभर हात शिवशिवत होते. मी आत कॉफी पितेय, निखिल फोनवर, आणि हिने स्टुलावरची वाटी उघडून मातीचा नवा, स्वच्छ भाग घेतला. डाव्या बाजूला जायच्या आधी डिकीवर हात बसवून बघू म्हणाली. फवारा मारला, सरकवायला लागली. निसरडा हात, गोळा सुटला आणि पडला तो थेट दारातल्या रांगोळीवर. आता रांगोळी म्हणजे काय? दगडाची पूड. सुमित्राक्काने गोळा उचलला, नळाखाली धुतला, पांढरं दिसेनासं व्हावं म्हणून कणकेसारखा छान मळला आणि परत डिकीवर फिरवला.

मी बाहेर आले तेव्हा आवाज ऐकला. हा खर्र वेगळा होता.

"अक्का, थांबा!"

डिकीच्या मधोमध बोटभर लांबीचे बारीक पांढरे ओरखडे, आडवे, एकमेकांना चिकटून. गोळा फोडून बघितला तर आत रांगोळी चमकतेय, जिकडेतिकडे.

"धुतला होता गं मी," ती म्हणाली. "दोनदा धुतला."

डावी बाजू अख्खी उरली होती, आणि नवा गोळा कामातून गेला होता. हातात उरला तो सकाळपासून वापरलेला भाग, काळानारिंगी झालेला. मी तो उघडून बघितला. घड्यांच्या मधे कुठे कुठे स्वच्छ माती होती. नखाने ती तेवढी वेचून काढली, ती एकत्र केली तर सुपारीएवढी गोळी झाली. एवढ्यात डावी बाजू होणं शक्य नव्हतं.

"अक्का," मी म्हटलं, "दारांची खालची बाजू तशीच राहील. मी रेघ आणि रेघेच्या वर-खाली चार-चार बोटं तेवढं करते. चालेल? ते ठिपके बघून परत रंगाला देणार असाल तर आत्ताच सांगा."

सुमित्राक्काने डिकीकडे बघितलं. मग म्हणाली, "कर."

ती गोळी मी कशी वापरली ते मलाच ठाऊक. दोन बोटांत धरून, पाण्याची धार लावून. निखिल फवारा मारता मारता श्वास धरून होता. पुढचं दार झालं, मागच्या दारापाशी आले. आणि तिथे मला एक दिसलं, जे ठिपक्यांमुळे आजवर कधी दिसलं नव्हतं. मागच्या हँडलच्या जरा पुढे अण्णांची रेघ वर उडी मारत होती. तांदळाएवढी, आणि लगेच खाली येऊन परत सरळ. अण्णांची रेघ! म्हणजे झटक्याच्या इतकं आधीच त्यांचा हात जायला लागला होता? आणि आम्हाला कुणाला कळलं नाही? शेवटपर्यंत काम केलं, वरून मेण चढवलं, कारण मातीनंतर मेण लावावंच लागतं, नाहीतर उघडा पडलेला रंग परत धूळ धरतो. घरी जाऊन अण्णांना फक्त एवढंच सांगितलं की रेघ वाचली. त्यांनी मान हलवली आणि विषय बदलला.

सोमवारी गाडी शेडमध्ये गेली नाही.

आयुधपूजेच्या दिवशी, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, सुमित्राक्का गाडी घेऊन आमच्याच दारात आली. झेंडूच्या माळा, चाकांखाली लिंबं, सगळा थाट. "अण्णा येत नाहीत ना बघायला? मग गाडीच आणली!" तिने हात धरून अण्णांना पायऱ्या उतरवल्या. अण्णा उजवीकडून चालत गेले, डिकीला वळसा घातला, डावीकडे आले आणि मागच्या दारापाशी थांबले.

"ही," अण्णा म्हणाले. "ही बघ नलू. म्हणून म्हणत होतो जाऊ दे. जन्मभरात एकच रेघ चुकली, आणि तीच उरली."

"अण्णा, हात तेव्हापासूनच..." मी म्हटलं.

"हात कुठला? हिने हॉर्न वाजवला!"

सुमित्राक्का लाल झाली. "मला कारखान्याला उशीर होत होता! आत बसून बसून कंटाळले मी, म्हणून स्वल्प वाजवला."

"स्वल्प? अख्खी शेड हादरली. मी म्हटलं, थांब, पुसून परत काढतो. तर ही गाडी घेऊन निघून गेली!"

मी हसत होते की रडत होते, मला सांगता येणार नाही. हात चांगला होता! तेव्हा हात चांगला होता! आणि त्याच वेळी अण्णा वाकून त्या उडीकडे बघत म्हणाले, "तेवढी पूस गं, नलू. मी काढतो परत."

झटका आल्यापासून त्यांच्या तोंडून हे शब्द आले नव्हते. दिवसभर मरमर करून जी रेघ मी वाचवली, ती पुसायला मी त्या क्षणी एका पायावर तयार होते. रबिंग आणायला वळलेसुद्धा. पण सुमित्राक्का दोन्ही हात पसरून गाडीच्या दारापुढे उभी राहिली.

"हात लावाल तर बघा! हॉर्न मी वाजवला, ती उडी माझी आहे."

"अक्का, सरका!" मी ओरडले. "कळतंय का तुम्हाला, ते ब्रश मागताहेत!"

"कळतंय. मी कुठे ब्रशला नको म्हणतेय?" तिने अण्णांचा दंड धरला आणि त्यांना डिकीपाशी नेलं. "इथे माझ्या रांगोळीचे ओरखडे आहेत. यावर काढा. नवी."

अण्णांनी ओरखड्यांवरून डाव्या हाताचं बोट फिरवलं. पूजेला मांडलेले ब्रश आणायला मी देवापुढे गेले, तर त्यांना हळदकुंकू लागलेलं. आयुधपूजेला हत्यारं विश्रांतीला असतात, ती त्या दिवशी उचलायची नाहीत. अण्णा म्हणाले, "उद्या." मला ते "उद्या" ऐकायची इतकी सवय होती, की मी आशाच सोडली.

पण दसऱ्याला सकाळी मी उठले तेव्हा अण्णा अंघोळ करून बसले होते. ब्रश त्यांनीच उचलला होता.

सुमित्राक्काची गाडी रात्री आमच्याकडेच ठेवली होती. ती आली, गाडीपासून लांब, फाटकाजवळ हाताची घडी घालून उभी राहिली. मी सोनेरी रंगाचा डबा उघडला. अण्णांनी ब्रश उजव्या हातात घेतला, डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि करंगळी डिकीला टेकवायला बघितली. ती टेकत नव्हती. परत प्रयत्न केला. टेकली. मग त्यांनी श्वास धरला आणि चालायला लागले, एक पाऊल, मग दुसरं. डिकीची रुंदी ती केवढी, पण मला ती संपता संपेना. ब्रश त्यांनी मध्ये एकदाही उचलला नाही.

रेघ संपली. अण्णा मागे सरकले आणि आम्ही सगळ्यांनी बघितलं. रेघ हलली होती. एका जागी नाही, सगळीकडेच, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ओरखडे झाकले गेले होते, पण अण्णांच्या रेघा पाहिलेल्या माणसाला ती बघवली नसती. रंगाच्या डब्याचं झाकण हातात धरून उभी राहिले. अण्णा रेघेकडेच बघत होते.

मग मान न वळवता त्यांनी विचारलं, "आता कुणी वाजवला गं हॉर्न?"

"मीच," सुमित्राक्का फाटकाजवळून म्हणाली.